घरात उडणारं पहिलं हेलिकॉप्टर

भाच्याला रिमोटचं हेलिकॉप्टर हवंय, घरात उडवायला. दुकानात चार चॅनेलचं पुढे करतील. पण शिकणाऱ्याला तीन पुरतात. वर-खाली, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे वळणं. कडेला सरकणं हात बसल्यावर शिकता येतं.

माझी अट एकच: मुख्य पंखे एकावर एक, दोन हवेत. एकच पंखा असला की सांगाडा उलट दिशेला गिरकी घेऊ पाहतो. दोन पंखे परस्परविरुद्ध फिरले की तो जोर जागच्या जागी फिटतो, आणि नवखा हातही यंत्र हवेत थोपवून धरू शकतो. सायमाचं एस-१०७जी या जातीचं. वीतभर लांब, धातूचा सांगाडा, आत जायरो. त्याच्या शेपटीतला इवलासा पंखा आडवा बसवलेला असतो. तो शेपूट उचलतो, नाक झुकतं, यंत्र पुढे सरकतं. हे पाहताना मी आजही हरखून जातो!

असल्या स्वस्त यंत्रांचा रिमोट बहुधा इन्फ्रारेड, टीव्हीच्या रिमोटसारखा. खिडकीतून ऊन आलं की संकेत हुकतो, म्हणून पडदे ओढायचे. छताचा पंखा बंद, हे तर सक्तीचंच. बॅटरी ३.७ व्होल्टची लिथियम-पॉलिमर. उड्डाण काही मिनिटांचं, चार्जिंग त्याच्या कितीतरी पट. ती गादीवर ठेवून चार्ज करायची नाही, आणि फुगली तर पुन्हा वापरायची नाही. पाती मोडणारच, तेव्हा सुटी पाती मिळतात का, हे किमतीच्या आधी विचारणार आहे.