जालना जिल्ह्यातून घरी : सामूहिक सायकल-प्रवासांविषयी तीन पत्रे

पहिले पत्र : जालना



अनेक दिवसांच्या सामूहिक सायकल-प्रवासांची तुलना करताना सहसा किलोमीटर आणि शुल्क एवढ्या दोनच गोष्टी पाहिल्या जातात. परंतु 1 मे 1981 रोजी मुख्यतः औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात ती मोजपट्टी अपुरी पडते. दक्षिणेस दुधना-गोदावरीच्या काळ्या जमिनीतून जाणारे रस्ते सपाट आहेत, उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे चढ लागतो. समृद्धी महामार्ग जालन्याजवळून जात असला तरी त्यावर सायकलींना आणि मोटारसायकलींना मनाई असल्यामुळे सायकलस्वाराला जुन्या रस्त्यांचाच आधार उरतो. शिवाय सायकलीला सर्वांत सोयीचा हिवाळा हाच ऊसतोडणीचा हंगाम असल्यामुळे अंबड-घनसावंगी भागात अंधार पडल्यावर ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची वर्दळ असते, आणि त्यांतील अनेकांना मागे दिवाही नसतो. दिवसाचा टप्पा किती लांब ठेवावा, याचे उत्तर येथे पायांतील बळापेक्षा सूर्यास्ताच्या वेळेवर अधिक अवलंबून आहे.

दुसरे पत्र : अंबड

माशाच्या आकाराच्या टेकडीवरील मत्स्योदरी देवीमुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावी विविध प्रवासप्रकारांचा विचार सविस्तर करता येतो. पहिला प्रकार ब्रेव्हेचा, म्हणजे ठरावीक वेळेत ठरावीक अंतर कापून वाटेतील तपासणी-नाक्यांवर नोंद करून घेण्याचा: 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास, 600 साठी 40 तास. यात शर्यत नसते, परंतु पंक्चर काढण्यापासून जेवणापर्यंत सर्व भार ज्याचा त्याच्यावर असतो आणि मागे राहिलेल्यासाठी कोणी थांबलेच पाहिजे असा नियम नसतो. मूळ प्रथा मात्र वेगळी होती. 1903 मध्ये ‘तूर द फ्रान्स’ सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज यांनी 1904 मध्ये फ्रान्समध्ये जो ‘ओदॅक्स’ प्रकार रूढ केला, त्यात रस्ता-कप्तान वेग ठरवी आणि सगळा जथा एकत्र चाले. प्रत्येकाने आपापल्या वेगाने जाण्याची पद्धत नंतर आली, आणि भारतातील ब्रेव्हे तिच्याच वंशातल्या आहेत.

दुसरा प्रकार सर्व सोयींनी युक्त सहलीचा. 2008 पासून दक्षिणेत होणाऱ्या ‘टूर ऑफ नीलगिरीज’मध्ये मदतीची वाहने आणि मुक्कामाची व्यवस्था असते, तसेच काही टप्प्यांवर वेळ मोजून स्पर्धाही होते. अमेरिकेतील आयोवा राज्यात एका वृत्तपत्राच्या दोन स्तंभलेखकांनी 1973 मध्ये सुरू केलेली सात दिवसांची सायकलयात्रा याहून निराळी आहे. तीत सामान ट्रकमधून पुढे जाते आणि वाटेतील लहान गावे स्वतः यजमान होतात, त्यामुळे प्रवासाचा खर्च त्या गावांतच राहतो.

तिसऱ्या प्रकाराला हेतूचा प्रवास म्हणावे लागेल, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण मराठीच आहे. बाबा आमटे यांच्या ‘भारत जोडो’ अभियानातील तरुण-तरुणी 1985-86 मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे आणि 1988-89 मध्ये इटानगरहून ओख्याकडे सायकलींवर गेले; पाठीच्या दुखण्यामुळे बसणेही अशक्य झालेले बाबा वाहनात आडवे होऊन त्यांच्यासोबत होते. नाशिकच्या सायकलस्वारांची आषाढीपूर्वीची पंढरपूर वारी याच जातीची आहे. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना जालन्यातून जाते. तिचे पूर्वनियोजित मुक्काम, गावोगावची अन्नव्यवस्था आणि म्हाताऱ्या वारकऱ्याला झेपेल अशी चाल पाहता सायकल-संयोजनाचे उत्तम शिक्षण आपल्याकडे फार पूर्वीपासून उपलब्ध आहे, हे मान्य करावे लागते.

तिसरे पत्र : राजूर

गणपतीच्या या क्षेत्रापासून पुढे भोकरदन लागते, ज्याचे प्राचीन नाव भोगवर्धन आणि जेथील दात्यांची नोंद सांचीच्या स्तूपावरील शिलालेखांत आहे. ब्रेव्हेच्या घाईत हे गाव रात्रीत मागे पडेल, आणि समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब, आडवाटेला असल्यामुळे, मार्गातच येणार नाही. या दृष्टीने जालना जिल्ह्यासाठी ब्रेव्हे हा चुकीचा प्रकार ठरतो. तिची शिस्त आदरणीय असली तरी तिला वाटेवरचा प्रदेश लागत नाही, केवळ अंतर लागते. स्पर्धेची जोड असलेली सहलही येथे अनाठायी होईल. दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर, सूर्यास्तापूर्वी मुक्काम, शाळेत किंवा मंदिराच्या धर्मशाळेत उतरणे आणि गावातल्या बचतगटाकडून जेवण, ही वारीच्या वळणाची रचनाच या भूमीला साजेशी आहे. तीत काट्यांमुळे वारंवार होणारी पंक्चरेही वेळापत्रक मोडीत काढणार नाहीत.

घरच्या मंडळींनी कोणत्याही सहलीचे शुल्क भरण्यापूर्वी संयोजकांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: सर्वांत मागच्या सायकलस्वारासोबत शेवटपर्यंत कोण असते, आणि मुक्कामाच्या गावाला या प्रवासातून काय मिळते. दोन्हींची स्पष्ट उत्तरे मिळाली नाहीत, तर पैसे भरू नयेत.