साधे फासे
ताप उतरला, तरी अंगात त्राण नव्हतं. भाच्याने उशाशी ठेवलेली रोल-प्लेइंग खेळांची पुस्तकं चाळत पडले होते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत १९७४ साली आला. त्याचे नियम केन सेंट आंद्रे यांना फार किचकट वाटले, म्हणून १९७५ मध्ये त्यांनी ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ रचला. तऱ्हेतऱ्हेच्या आकारांचे फासे सोडून त्यांनी घरोघरी सापडणारे, सहा बाजूंचे घेतले. ते साधे फासे मनातून जाईनात. नाराजीतून केवढी मोकळी वाट निघाली!

पुढे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे एक रचनाकार गॅरी गायगॅक्स ‘ड्रॅगन’ मासिकातून इतरांच्या नियमांवर कडक टीका करत. मासिक त्यांच्याच कंपनीचं. पारखणारा आणि विकणारा एकच असला, की वाचणाऱ्याने कुणावर विसंबावं? मला वाईट वाटतं ते खेळणाऱ्यांचं. चार मित्रांनी रात्री जागवून उभं केलेलं जग, कुणाचा तरी माल खपावा म्हणून हलकं ठरतं.

पण दोष दिसल्याशिवाय नवं सुचत नाही, हेही खरंच. प्रामाणिक नाराजी आणि हिणवणं यांत अंतर आहे, एवढं कळतं. ते नेमकं कुठे सुरू होतं, याचा विचार अजून चालूच आहे.