चावी कुणाजवळ ठेवायची?

प्रिय वैशू,

आम्स्टरडॅमला सायन्स पार्कजवळ घर घेतलंस, छान झालं! तिथल्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत १९८०च्या दशकात डेव्हिड चॉम हा अमेरिकन माणूस क्रिप्टोग्राफीचा गट चालवायचा. मला त्याच्याबद्दल फार आदर आहे. बँकेने पैसा द्यावा, पण तो कुठे खर्च झाला हे तिला कळू नये, याची रीत त्याने १९८२मध्येच मांडली होती. कार्बन लावलेल्या पाकिटात नोटेचा क्रमांक बंद करून द्यायचा. बँक वरून सही करते, सही आतल्या कागदावर उमटते, क्रमांक मात्र तिला दिसत नाही. हेच त्याने गणिताने केलं.

त्यावर उभी राहिलेली त्याची डिजीकॅश कंपनी तुमच्याच गावातली. १९९५मध्ये अमेरिकेत सेंट लुइसच्या मार्क ट्वेन बँकेने तिचं ई-कॅश घेतलं, आणि १९९८मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. गणित कुठेच चुकलं नव्हतं गं. दुकानं घेत नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानं नाहीत, आणि क्रेडिट कार्ड तर खिशात होतंच.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ला मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वरमध्ये किरकोळ व्यवहारांसाठी ई-रुपया आणला. पण भाजीवालीच्या गाडीवर यूपीआयचा क्यूआर आधीच लटकलेला. खात्यातल्या पैशावर थोडं तरी व्याज मिळतं, ई-रुपयावर काहीच नाही. मग लोकांनी तिकडे का वळावं? खासगीपणासाठी, असं मी म्हणेन. पण त्याची किंमत तो गेल्यावरच कळते.

पण मला जास्त घोर लागतो तो बिटकॉइनसारख्या पैशाच्या चावीचा, म्हणजे ज्या गुप्त आकड्याशिवाय तो खर्चताच येत नाही त्याचा. बँकेचा पासवर्ड विसरलीस तर आधार-पॅन दाखवून नवा मिळतो. बिटकॉइनची चावी गेली की दाद मागायला कुणीच नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टीफन थॉमसचं ऐकलं असशील. त्याच्या ७,००२ बिटकॉइनच्या चाव्या एका कुलूपबंद पेनड्राइव्हमध्ये, आणि पासवर्ड लिहिलेला कागद हरवलेला. दहा वेळा चुकलं की सगळं कायमचं बंद. २०२१मध्ये ही गोष्ट पेपरात आली तेव्हा आठ प्रयत्न संपले होते. हा माणूस स्वतः प्रोग्रामर! मग माझ्या आत्याने काय करावं? जपावं तर एकटीनेच जपायचं, सांगावं तर ज्याला सांगितलं तो मालक. आपल्याकडे कपाटाची चावी निदान सुनेला तरी ठाऊक असते. ही व्यवस्था बांधणाऱ्यांनी माणूस विसरतो, आजारी पडतो, मरतो, हे हिशेबात धरलंच नाही, आणि मला त्याचा राग येतो.

म्हणून सांगते: तुझ्या बिटकॉइनची चावी परत मिळवून देणारे ते बारा शब्द फोनमध्ये फोटो काढून ठेवले असशील तर आजच काढून टाक. कागदावर लिही, दोन वेगळ्या ठिकाणी ठेव, आणि तुझ्यामागे ते कुठे सापडतील हे नितीनला माहीत असू दे. शब्द मला कळवू नकोस. व्यवस्था झाली, एवढंच लिही.

तुझी,
मीरा