मांडवीकाठी दोन दिवस

पालीहून वाकण फाटा गाठला की गोव्याचा महामार्ग लागतो. "बायकामुलांना जुगाराच्या गावी नेता?" शेजारच्या चाचांनी टोकलेच. पणजीत मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी आहेत, हे खरे. २१ वर्षांखालच्यांना आत प्रवेश नाही; जुगार हराम, म्हणून आम्हालाही नाही. धाकटीने विचारले, "तिथं कोण जिंकतं?" आम्ही म्हणालो, "जहाजाचा मालक."

त्याच काठावर आदिलशहाचा वाडा आहे, पुढे पोर्तुगीजांचे सचिवालय झालेला. दिव्यांच्या झगमगाटात तिकडे फारसे कोणी वळत नाही.

दुसऱ्या दिवशी फोंड्याची साफा मशीद पाहिली. आदिलशाही काळातली. शेजारी चिऱ्यांचा मोठा हौद, भिंतींत मेहराबीच्या आकाराचे कोनाडे. मुले ते मोजत बसली, असरची वेळ होईपर्यंत उठली नाहीत.