चाचांच्या गॅरेजात बोटीची मोटार

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात रेणापूरला माझ्या चाचांच्या गॅरेजात बोटीची मोटार आली, ती मात्र आम्ही दहा-बारा लोकांनीच पाहिली असेल. पावसाळ्याच्या शेवटी मांजरा भरली होती, आसपासच्या तलावांतही पाणी होतं. मासेमारीचा ठेका घेतलेल्या एकाने मुंबईच्या दारूखान्यातून, भंगारातून, ही मोटार उचलून आणली होती. बोटीच्या मागे अडकवायची, दोन सिलिंडरची, जुनी जॉन्सन. दोरी ओढून ओढून त्याचा खांदा गेला, पण ती काही बोलेना. लातुरात दोन ठिकाणी नकार मिळाला, म्हणून तो टेम्पोत घालून चाचांकडे आला.

चाचांनी आयुष्यभर बजाज, लॅम्ब्रेटा, लुना उघडल्या. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला, हाजी अलीला गेले तेव्हा. मोटारीचं टोपण काढून त्यांनी आत पाहिलं आणि हसले. "अरे, ये तो स्कूटरच है. पानी में गिरी हुई."

मी तेव्हा लातूरला बँकेत होतो आणि रविवारी अम्मीला भेटायला गावी यायचो. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. लहानपणी गॅरेजकडे फिरकलो की मार ठरलेला. "हातात पाना दिसला तर तंगडी तोडीन," हे अब्बांचं वाक्य. सख्ख्या भावाच्या धंद्याबद्दल ते असं का बोलायचे, हे मला पुढे कळलं. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात मुस्लिमांचं प्रमाण ज्या कामांत जास्त दिसलं त्यांत वाहनदुरुस्ती आहे. अब्बांना तो अहवाल वाचायची गरज नव्हती. त्यांना एवढंच हवं होतं की पोराने या रांगेतून बाहेर पडावं. मी पडलो. इतका बाहेर पडलो की माझ्या काकांचं गॅरेज आहे, हे बँकेत कुणालाच माहीत नव्हतं.

त्या रविवारी चाचांनी मला हाक मारली. "साब, जरा आँख दे." त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. हात अजून नीट चालत होते, पण बारीक फट दिसत नव्हती.

प्लग काढून बॉडीला टेकवला, दोरी ओढली. एका सिलिंडरला पिवळी, मरगळलेली ठिणगी, दुसऱ्याला काहीच नाही. मग वरचं चाक, म्हणजे फ्लायव्हील, काढायचं. शिकाऊ पोराने हातोडी उचलली तर चाचा ओरडले. ठोकल्याने आतल्या चुंबकाचा जोर जातो, शाफ्टलाही मार बसतो. त्या चाकाला तीन आटेदार भोकं असतात. चाचांनी लोखंडी पट्टीला तीन बोल्ट लावून तिथेच पुलर बनवला. मधला स्क्रू आवळत नेला, तसं चाक टक् करून सुटलं.

खाली दोन कॉईल, दोन पॉईंट, दोन कंडेन्सर. दोन्ही कॉईलच्या अंगावर भेगा पडलेल्या. कॉईलमध्ये दोन वेटोळी असतात: जाड तारेचे थोडे फेरे आणि केसासारख्या तारेचे हजारो. चाक फिरलं की चुंबकामुळे जाड तारेत करंट तयार होतो. नेमक्या क्षणी पॉईंट उघडतो, करंट तुटतो आणि बारीक तारेत हजारो व्होल्ट उठतात. ते प्लगपर्यंत जायला हवेत. भेग असेल तर ते जवळचं लोखंड धरतात. चाचांच्या भाषेत, "बिजली आळशी है, शॉर्टकट देखती."

नवी कॉईल इथे कुठून मिळणार? पण या जातीची कॉईल वर्षानुवर्षं इतक्या मोटारींत बसली की ती अजून बनते. दुबईतल्या भाच्याने मागवून दिली. दोन महिने गेले. ठेकेदार रोज फोन करायचा, चाचा रोज "आयेगी" म्हणायचे.

बसवायचं काम मी केलं. माझ्या हाताने. कॉईलची लोखंडी टाच खालच्या प्लेटच्या कडेशी बरोबर सपाट हवी. बाहेर राहिली तर चाक घासतं, आत गेली तर ठिणगी मरते. चाचा डोळे मिटून त्या कडेवरून नख फिरवायचे. "थोडा अंदर." पुन्हा नख. "बस." पॉईंटची फट वीस थाऊ, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. फिलर गेज मी सरकवत होतो, ते किती अडतंय ते ओळखून चाचा मान हलवत होते. कंडेन्सरही बदलले, कारण ते गेले तर पॉईंट जळतात. प्लगची वायर कॉईलमधल्या टोकदार खिळ्यावर दाबून बसवायची होती, तिथे माझा अंगठा फाटला.

अंगठ्यावरून आठवलं. त्याच्या आदल्या आठवड्यात बँकेच्या ग्रुपवर पंक्चरवाल्यांवर एक जोक आला होता. कुणावर आहे ते सगळ्यांना कळत होतं. सगळे हसले, म्हणून मीही अंगठा टाकला होता. चाचा माझ्या बोटाला पट्टी बांधत असताना मला तेच दिसत होतं. मी बोललो नाही. आजवर त्यांना सांगितलेलं नाही.

ही मोटार पाण्याशिवाय चालवता येत नाही, तापून बसते. म्हणून ड्रम भरावा लागला. चाची दारात उभ्या. "टँकरचं पाणी आहे, आठवत नाही का उन्हाळा?" चाचा म्हणाले, "एक ड्रम." दोरी मी ओढली. तिसऱ्या झटक्याला मोटार पेटली, निळा धूर, ड्रममधलं पाणी उसळून सगळ्यांच्या पायजम्यावर. चाचांनी एकेक प्लगची टोपी काढून दोन्ही सिलिंडर तपासले आणि बंद केली. ते तेलकट पाणी दारापुढच्या धुळीवर गेलं. चाची दिवसभर बोलल्या नाहीत.

सोमवारी बँकेत शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याने माझी काळी नखं पाहिली. काय झालं, म्हणून विचारलं.

"चाचांच्या गॅरेजात होतो," मी म्हणालो.

"तुमच्या काकांचं गॅरेज आहे? मग माझी ॲक्टिव्हा बघतील का? सकाळी लवकर स्टार्टच होत नाही."

मी कागदावर पत्ता लिहून दिला.