एक रविवार पाखरांसाठी

लग्नाला चौदा वर्षं झाली, पण रविवारी सकाळी घर टाकून मी एकटी कुठे गेले, असं कधी झालं नव्हतं. आमच्या पक्षिमित्र गटाने नांदूरमध्यमेश्वरला जायचं ठरवलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पाखरं बघायला एवढ्या लांब? अंगणात कमी आहेत का?" 'हे' मात्र म्हणाले, "जाऊन ये. आम्ही खिचडी टाकू."

नाशिकपासून साधारण ४० किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. गाळ साचत जाऊन तिथे उथळ पाणी, बेटं आणि पाणवनस्पती तयार झाल्या, आणि पाखरांना आयता निवारा मिळाला. १९८६ साली ते अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झालं. म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याची गणना झाली.

मी हौसेने पिवळीजर्द साडी नेसले होते! गटातल्या बाईंनी हळूच आपली मातकट शाल माझ्या खांद्यावर टाकली. भडक रंग आणि मोठा आवाज, दोन्हींनी पाखरं उठतात. निफाडच्या थंडीत ती शाल चांगलीच उपयोगी पडली.

मनोऱ्यावरून दुर्बिणीत पाहिलं आणि काय सांगू! चमच्यासारख्या चोचीचे चमचे, लांब लाल पायांचे शेकाटे, लडाख-तिबेटकडून आलेले केशरी चक्रवाक. आणि काळ्या अंगाचे, कपाळावर पांढराशुभ्र टिळा लावलेले पक्षी. त्यांचं नाव वारकरी! थव्याने तरंगताना खरंच दिंडी चालल्यासारखी वाटते. सासूबाईंच्या गोळ्या, गॅस, दूध... सकाळपासून डोक्यात घोळत होतं ते सगळं कधी विसरले, कळलंच नाही.

तुम्हालाही जायचं असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. उजाडताना पोहोचा. साधे मळकट रंग घाला, डबा-पाणी बरोबर न्या, आणि कचरा परत आणा.

घरी आले तो खिचडीचं पातेलं तळाशी करपलेलं, पण सगळे जेवून तृप्त! पातेलं घासता घासता सासूबाईंना वारकऱ्यांबद्दल सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "टिळा लावतात म्हणतेस? पुढच्या खेपेला मलाही ने बाई."

आता दुसरी मातकट शाल शोधते आहे.