समितीतली आमची सही



आमच्यासारख्या कारकुनाला सरकारी समितीवर घेतले की वस्तीत दोन गोष्टी होतात. विहारात शाल आणि गुलाबाचे फूल मिळते, आणि दुसऱ्या दिवसापासून दारात चपलांचा ढीग पडतो. कुणाचा नळ बंद, कुणाचे रेशनकार्ड अडलेले, कुणाच्या पोराला चौकीत बसवून ठेवलेले. समिती कशाची आहे, हे कुणी विचारत नाही. खरे सांगायचे तर पहिल्या बैठकीला निघालो तेव्हा आम्हालाही ते नीट ठाऊक नव्हते.

ती अत्याचार प्रतिबंधक कायद्याची दक्षता व नियंत्रण समिती. ज्याला आपण बोलताना नुसता 'ॲट्रॉसिटी' म्हणतो तो कायदा १९८९ चा, अंमलात आला ३० जानेवारी १९९० ला. १९९५ च्या नियमांनी प्रत्येक जिल्ह्यात ही समिती आणली. जिल्हाधिकारी अध्यक्ष, पोलीस आणि इतर अधिकारी सदस्य, आणि त्यांच्यासोबत समाजातले काही अशासकीय सदस्य. तीन महिन्यांतून एकदा तरी बसायचे. पुढे उपविभागांसाठीही अशीच समिती झाली. आम्ही या खालच्या समितीत. गुन्हे किती नोंदले, तपास कुठे अडला, दोषारोपपत्र कोर्टात गेले का, पीडिताला अर्थसाहाय्य मिळाले का, एवढे पाहायचे. आमची मुलगी कॉमर्सला आहे. ती म्हणाली, "पप्पा, म्हणजे पोलिसांचं ऑडिट." आम्ही हसलो, पण शब्द तोच बरोबर होता.

भिवंडीला पोलिसांबरोबर समितीत बसणे नवे नाही. १९८४ च्या मे महिन्यातली दंगल आमच्या लहानपणीची. वडील तेव्हा शांतीनगरला मागावर होते, आई कांड्या भरायची. १९८८ साली पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे इथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान दोन्हीकडची माणसे एका सतरंजीवर बसवली. वडील अशाच एका समितीत होते. नावे लिहिणाऱ्या हवालदाराने विचारले, हिंदू की मुसलमान? वडील म्हणाले, "बौद्ध." हवालदार म्हणाला, "तसा रकानाच नाही, हिंदूंत टाकतो." वडील म्हणाले, "टाका, पण शेजारी बौद्ध लिव्हा." त्याने लिहिले की नाही कोण जाणे. १९९२ च्या ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनीच, अयोध्येत मशीद पाडली गेली. मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. आम्ही तेरा वर्षांचे होतो. वडील रात्रभर नाक्यावर बसून पहाटे घरी येत, ते आठवते. पोलीस आपल्या हातचा चहा पितो याचे त्यांना फार अप्रूप होते. त्या समितीने मोठे काम केले, यात शंका नाही. पण पोलिसांकडे हिशेब मागण्याचा तिथे प्रश्न नव्हता. आम्हाला जी खुर्ची मिळाली ती त्यासाठीच होती, आणि पहिल्या दोन बैठकांत आम्ही त्या खुर्चीवर बसून खारी खाल्ली.

हे शब्दशः खरे आहे. लांबलचक टेबल, समोर गोषवाऱ्याचे पान, चहा, खारी. "मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करण्यात येत आहे," असे कुणीतरी वाचायचे, सगळे माना डोलवायचे, रजिस्टर फिरायचे आणि आम्ही सही करायचो. आमच्याबरोबर दुसऱ्या अशासकीय सदस्य होत्या, निवृत्त शिक्षिका. बाईंनी एकदा विचारले, "ही नुसती आकड्यांचीच यादी का, माणसांची का नाही?" "पुढच्या वेळी देऊ," असे उत्तर आले. आम्ही बाईंच्या बाजूने चकार शब्द काढला नाही. साहेबांसमोर बोलायची सवय नाही हे एक, आणि गोडाऊनमधून अर्धा दिवस सुट्टी काढून आलेला माणूस बैठक लवकर संपायची वाट पाहतो हे दुसरे.

तिसऱ्या बैठकीत मात्र आकड्यानेच आम्हाला हाक मारली. आम्ही बी.कॉम. झालो तेव्हापासून आवक-जावकीची वही लिहितो आहोत. पान हातात आले की डोळा आधी मागील शिल्लकीवर जातो. एका पोलीस ठाण्यापुढे 'तपासावर प्रलंबित, मागील शिल्लक ८' असे होते. पिशवीतून जुना कागद काढला. तीन महिन्यांपूर्वीची अखेर ९ होती. संध्याकाळी नऊ गाठी ठेवल्या आणि सकाळी आठच निघाल्या, तर गोडाऊनमध्ये पहिला प्रश्न असतो की चावी कुणाकडे होती. आम्ही उभे राहिलो. पाय थरथरत होते, ते लपवत नाही. "साहेब, मागची अखेर नऊ, आजची सुरुवात आठ. एक केस कुठं गेली?"

"टायपिंगची चूक असेल," असे उत्तर आले. बाई लगेच म्हणाल्या, "मग गुन्हा रजिस्टर नंबरांसह यादी द्या, चूक सापडेल." अध्यक्षांनी मान हलवली आणि यादी द्यायला सांगितले. आठवड्याने यादी आली.

चूक टायपिंगची नव्हती. ती केस आमच्याच बाजूच्या एका ताईची. नाव देत नाही. ताई एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते. टँकरच्या रांगेत हंडा पुढे सरकवल्यावरून तिला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ झाली, हंडा फेकला गेला. गुन्हा नोंदला. पण तिच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' आहे आणि जातीचे प्रमाणपत्र कधी काढलेलेच नाही. ते मिळाले नाही म्हणून तपासात ॲट्रॉसिटीची कलमे कमी करण्याचा अहवाल गेला आणि मामला साध्या शिवीगाळ-मारहाणीचा झाला. साधा झाला म्हणजे आमच्या कागदावरून उतरला.

जुना कागद पुन्हा काढला. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात होते, 'जात प्रमाणपत्र अप्राप्त – १'. ते पान आमच्यासमोर होते आणि त्या बैठकीच्या रजिस्टरात आमची सही होती. तेव्हाच विचारले असते तर कलमे जायच्या आधी धावपळ करता आली असती. ताईच्या घरी गेलो तेव्हा तिच्या भावाने चहा दिला आणि शांतपणे विचारले, "दादा, तुमची पण सही आहे ना त्याच्यावर?" आम्ही हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

मग दाखल्याची खटपट सुरू झाली. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. ताईचे कुटुंब मराठवाड्यातून मागावर कामाला आलेले, कागद सगळे गावी. भाऊ दोन दिवसांचा पगार सोडून एस.टी.ने गेला आणि जुन्या शाळेतून चुलत आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा घेऊन आला. जातीच्या रकान्यात 'महार'. ज्या नावाला आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात सोडले, तेच शोधायला पोरगा रात्रभर उभा राहून गेला होता. कायद्याच्या दृष्टीने त्याला कारण आहे. १९९० साली बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले गेले, पण वहिवाट जुन्या कागदाचीच राहिली. उतारा पाहून ताई म्हणाली, "शिवी देणाऱ्याला नव्हता लागला दाखला." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, अजूनही नाही.

मधल्या काळात आपलेच एक पुढारी दोनदा घरी आले. "पाण्यावरून झालेलं भांडण आहे, मिटवून घ्या, पोरीची नोकरी जाईल," म्हणाले. राग आला, पण त्यांचे शेवटचे वाक्य खोटे नव्हते. आमची पत्नी त्यांना म्हणाली, "भाऊ, मिटवायचं की नाही ते ताईला विचारा, आमच्या ह्यांना कशाला?" ते ताईकडे गेले नाहीत.

पोलिसांविषयीही एक सांगितले पाहिजे. या कायद्यातला तपास हवालदाराने करून चालत नाही, उपअधीक्षक दर्जाचाच अधिकारी लागतो. शहरात म्हणजे सहायक आयुक्त. नियम आपल्या भल्याचा आहे, पण सगळे गुन्हे त्या एका टेबलावर येतात आणि गणपती, मोहरम, निवडणूक असा बंदोबस्तही तिथेच. साठ दिवसांत दोषारोपपत्र जावे असे कायदा म्हणतो. फायली तुंबतात त्यात प्रत्येक वेळी वैर नसते. पण गुन्हा नोंदवायला जातीचा दाखला हवा असे कायद्यात कुठेही नाही, आणि तरी ठाण्याच्या दारात आपल्या माणसाला पहिला तोच मागतात. २०१६ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने फिर्याद वाचून दाखवणे, तिची प्रत देणे ही लोकसेवकाची कर्तव्ये म्हणून लिहूनच ठेवली आहेत. फिर्यादीला जाल तेव्हा प्रत मागा, ती विनामूल्य असते.

दाखला हाती आल्यावर बैठकीत विषय पुन्हा मांडला. यावेळी पाय कमी थरथरले. कलमवाढीचा अहवाल गेला, कलमे परत लागली, पुढे दोषारोपपत्र दाखल झाले. जातीवाचक शिवीगाळीला २०१६ च्या नियमांत एक लाख अर्थसाहाय्य आहे. गुन्हा नोंदताच २५ टक्के, दोषारोपपत्रावर ५०, शिक्षा झाल्यावर उरलेले २५. ताईला पहिला हप्ता मिळाला, दुसरा अजून फिरतो आहे. खटला ठाण्याला चालतो. तारखेच्या दिवशी खाडा पडतो, म्हणून नियम ११ प्रमाणे प्रवासखर्च आणि दिवसाची मजुरी मिळायला हवी. तो प्रश्न आम्ही दोन बैठकांत विचारला, तिसऱ्यांदा विचारणार आहोत. पॅकिंगचे काम मात्र गेले. ताई आता दुसऱ्या गोडाऊनमध्ये जाते, आधीपेक्षा कमी पैशांत.

बैठकीत आम्ही पूर्वीसारखे आवडते उरलो नाही. खारी अजून येते. रजिस्टर फिरत आले की आम्ही आधी इतिवृत्त वाचतो, तेवढा वेळ सगळ्यांना थांबावे लागते, आणि कुणीतरी घड्याळ पाहते. मुलीने दोनशे पानी वही घेऊन रकाने आखून दिले आहेत : ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर, दाखला, हप्ता, तारीख. पुढची बैठक महिनाअखेरीस आहे. त्या ठाण्याची मागील शिल्लक वहीत लाल शाईने ९ अशी लिहून ठेवली आहे.